पाण्यावरची जमीन

तापोळ्याला जीप तराफ्यावर चढताना तिच्या पुढच्या चाकांकडे बघावं. चाकं पत्र्यावर टेकली की तराफ्याची काठाकडची कड दबते, पलीकडची किंचित उचलते. जीप मधोमध आली की सगळं पुन्हा सपाट. मग चाकापुढे दगड ठेवायचा आणि शिवसागर जलाशय ओलांडायचा. कोयना धरणाने पाणी अडवून हा जलाशय झाला तेव्हा कांदाटी आणि सोळशी खोऱ्यांतल्या गावांच्या जुन्या वाटा बुडाल्या. तेव्हापासून पाणी हाच त्यांचा रस्ता झाला.

तरंगण्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर तळ एक सेंटीमीटर बुडाला की दहा लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे दहा किलो वजन पेलतो. समजा, तराफा 15 मीटर लांब आणि 6 मीटर रुंद आहे. दोन टनांची जीप चढली तरी तो जेमतेम सव्वादोन सेंटीमीटर खाली जाईल. कृष्णेला पूर आला की सांगलीकडे गुऱ्हाळाची काहील होडीसारखी वापरतात, तीही याच हिशेबावर. अडीच मीटर व्यासाची काहील दोन माणसं बसली तरी तीन सेंटीमीटरही दबत नाही. तिथे भीती कलंडण्याची असते, म्हणून मधोमध बसायचं आणि हलायचं नाही.

समुद्रावर प्रश्न बदलतो. जपानने योकोसुकाजवळ 1999 मध्ये ‘मेगा-फ्लोट’ ही 1,000 मीटर लांबीची तरंगती धावपट्टी उभारली आणि 2000 मध्ये तिच्यावर विमानं उतरवून पाहिली. तिची वरपासून तळापर्यंतची खोली होती फक्त 3 मीटर. लहान भाकरी तळहातावर ताठ राहते, तीच मोठी आणि पातळ थापली की कडेला लवते. तराफा अख्खा डुलतो. धावपट्टीच्या पोटाखाली मात्र एकाच वेळी अनेक लाटा असतात आणि ती चटईसारखी वळते.

म्हणून पहिल्या कच्च्या आराखड्यातच तिथली लाट, लांबी-रुंदी, खोली, पत्र्याची जाडी आणि आतल्या पडद्यांमधलं अंतर एकत्र ठरवावं लागतं. वरचे-खालचे पत्रे तेच ठेवून खोली दुप्पट केली तर ताठपणा साधारण चौपट होतो, पण पोलादही वाढतं. दुसरा मार्ग म्हणजे तिला थोडं वाकू द्यायचं आणि बाहेर लाटरोधक बांध घालायचा. यातलं काय निवडायचं हे आधीच ठरावं लागतं. धावपट्टीचे ओढत नेलेले तुकडे समुद्रातच एकमेकांना वेल्डिंगने जोडले की खोली बदलता येत नाही.

मेगा-फ्लोटचा प्रयोग संपल्यावर ती धावपट्टी सुटी केली. तिचा 136 मीटरचा एक तुकडा शिझुओकात गळ टाकून मासे धरण्याची जागा झाला आणि 2011 मध्ये फुकुशिमा अणुवीज केंद्राचं दूषित पाणी साठवायला गेला.

सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य शिकणाऱ्याने तरंगत्या बांधकामांचा विषय पुस्तकात उघडण्याआधी एकदा उन्हाळ्यात तापोळ्याला यावं. शिवसागर उतरतो, काठ दूर सरकतो, आणि तराफा पाण्यामागोमाग खाली जाऊन नव्या काठाला लागतो. जिथे पाणी स्थिर राहत नाही, तिथे बांधकामालाही चालता आलं पाहिजे. खोऱ्यातली माणसं हे रोज अनुभवतात.