सुटीच्या आठवड्याचा हिशेब

थंड हवेच्या ठिकाणी वर्षातून आठच दिवस राहायचे असेल, तर त्यासाठी तेथे घर विकत घेणे सामान्य कुटुंबाला परवडत नाही. परंतु अनेक कुटुंबांनी मिळून एक घर घेतले आणि वर्षातील आठवडे आपसांत वाटून घेतले, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च आटोक्यात राहतो. या साध्या कल्पनेतून 'टाइमशेअर' ही पद्धत उदयास आली. 1960 नंतरच्या दशकात आल्प्स पर्वताच्या परिसरात तिचा आरंभ झाला; 1963 साली स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेली 'हापिमाग' ही या क्षेत्रातील आद्य संस्थांपैकी एक होय. भारतात 1986 साली स्थापन झालेल्या स्टर्लिंग आणि 1996 साली स्थापन झालेल्या महिंद्र हॉलिडेज या कंपन्यांनी ही पद्धत रुजवली. कोडाईकॅनाल, मुन्नार, गोवा अशा ठिकाणी त्यांची निवासस्थाने उभी राहिली.

या व्यवहारात ग्राहकाच्या हाती नेमके काय पडते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. भारतातील बहुतेक योजनांत ग्राहकाला जमिनीची किंवा खोलीची मालकी मिळत नाही. ठरावीक वर्षे, बहुधा पंचवीस, वर्षातून सात दिवस राहण्याचा हक्क तेवढा मिळतो. मुदत संपली की हक्कही संपतो. त्यासाठी दोन प्रकारचे पैसे द्यावे लागतात: आरंभी एक मोठी रक्कम आणि पुढे दरवर्षी देखभाल शुल्क. ग्राहक सहलीला गेला काय किंवा न गेला काय, हे शुल्क भरावेच लागते. हॉटेलचे भाडे मात्र राहिलेल्या रात्रींपुरतेच द्यावे लागते. दोन्हींमधील खरा फरक येथेच आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आरंभीची रक्कम 4,00,000 रुपये, मुदत 25 वर्षे, देखभाल शुल्क पहिल्या वर्षी 20,000 रुपये आणि त्याच दर्जाच्या हॉटेलातील खोलीचे भाडे दर रात्री 6,000 रुपये, म्हणजे सात रात्रींचे 42,000 रुपये, असे समजू. विक्रेता सामान्यतः पुढीलप्रमाणे हिशेब मांडतो: चार लाखांना पंचवीसने भागले की वर्षाला 16,000 रुपये येतात; त्यात शुल्क मिळवले की 36,000 होतात; अर्थात दरवर्षी 6,000 रुपये वाचतात. या हिशेबात एक मोठी उणीव आहे. ते चार लाख बँकेत ठेवले असते, तर त्यांवर व्याज मिळाले असते. ते सात टक्के धरले, तर पहिल्या वर्षीच 28,000 रुपये होतात.

उलट, हॉटेलचे भाडेही स्थिर राहत नाही, हे विक्रेत्याचे म्हणणे खोटे नाही. भाडे आणि शुल्क दोन्ही दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढतात असे मानले आणि व्याजाचा दर लक्षात घेतला, तर पंचवीस वर्षांत वाचणाऱ्या रकमेचे आजचे मूल्य सुमारे 4,60,000 रुपये भरते. चार लाख देऊन चार लाख साठ हजार मिळाले, म्हणजे व्यवहार किंचित लाभाचा ठरला. पण हा लाभ एकही वर्ष न चुकता सहलीला गेल्यासच पदरी पडतो. मुलांच्या परीक्षा, घरातील आजारपण, बदली, लग्नकार्य अशा कारणांनी चार वर्षांतून एक सहल चुकली, तर तेच मूल्य सुमारे 2,40,000 रुपयांवर येते. पंचवीसपैकी साधारणपणे दोन वर्षे वाया गेली, तरी लाभ संपतो. शुल्क सहाऐवजी आठ टक्क्यांनी वाढत गेले, तर एकही सहल न चुकवणाऱ्या कुटुंबालाही हा व्यवहार तोट्याचा होतो. म्हणून शुल्कवाढीला करारात कोणती मर्यादा घातली आहे, हे कलम सर्वप्रथम वाचावे.

दुसरा प्रश्न हंगामाचा. अनेक योजनांत वर्षाची गर्दीच्या आणि विरळ हंगामांत विभागणी केलेली असते आणि स्वस्त सदस्यत्व बहुधा विरळ हंगामाचे असते. शाळांना सुटी असते त्याच दिवसांत मनाली किंवा उटी येथील खोल्यांना सर्वांत जास्त मागणी असते. तेव्हा खोली मिळेलच अशी हमी करारात आहे, की उपलब्धतेनुसार मिळेल असे म्हटले आहे, याला फार महत्त्व आहे. शिवाय जेवणखर्च आणि प्रवासखर्च वेगळेच असतात, हे विसरून चालणार नाही.

तिसरा प्रश्न बाहेर पडण्याचा. असे हक्क पुन्हा विकायला गेल्यास घेणारा सहसा मिळत नाही, मिळाला तर पडत्या किमतीला. त्यामुळे याला गुंतवणूक समजणे चुकीचे होय. सहलीला न गेल्यास मुदतीअंती वाढीव रक्कम परत करण्याचे आमिष कोणी दाखवले, तर अधिकच सावध व्हावे. अशा स्वरूपाची योजना चालवणाऱ्या एका कंपनीला पैसे परत करण्याचा आदेश 'सेबी'ने 2015 साली दिला होता.

भेटवस्तूचे निमंत्रण, चहापान, मग दोन तासांचे निवेदन आणि 'ही सवलत आजच्यापुरतीच' असा आग्रह, ही विक्रीची रूढ पद्धत आहे. युरोपीय संघाच्या 2008 च्या निर्देशानुसार तेथील ग्राहकाला करार रद्द करण्यासाठी चौदा दिवस मिळतात. भारतात टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. करारातच तशी मुदत दिली आहे का, हे सही करण्यापूर्वी पाहावे लागते. मात्र 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते.

ज्यांची सुटी दरवर्षी ठरलेली असते, ज्यांना सहकुटुंब प्रशस्त जागेत राहणे आवडते आणि जे कित्येक महिने आधी खोली राखून ठेवू शकतात, त्यांना हा हक्क उपयोगी पडतो. ज्यांच्या सुट्या अनिश्चित आहेत, त्यांना हॉटेल किंवा राज्य पर्यटन महामंडळांची निवासस्थानेच बरी. निर्णयापूर्वी गेल्या दहा वर्षांत आपले कुटुंब प्रत्यक्षात किती वेळा आठ दिवसांसाठी बाहेर पडले, हे प्रत्येकाने मोजून पाहावे. पुढील पंचवीस वर्षांविषयी विक्रेत्याच्या तक्त्यापेक्षा तो आकडा अधिक खरे सांगतो.