वाढत्या अंगाची तिकाठी नको

ईदचे कपडे शिवायला टाकताना आपण शिंप्याला हमखास सांगतो, "जरा वाढत्या अंगाचे ठेवा." मीही आयुष्यभर हेच सांगत आले. पण नऊ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत ही काटकसर एकदा फार महागात पडली असती.

2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं. ते टीव्हीवर पाहिल्यापासून धाकटीने हट्ट धरला, "अम्मी, मलाही शिकायचंय." शेवटी तिच्या अब्बूंनी शहरातल्या एअर रायफल रेंजवर तिचं नाव घातलं.

स्पर्धेतली एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत वजनाची असू शकते. लहानांना हलकी देतात, तरी चिमुकल्या हातांना ती फार वेळ पेलत नाही. आणि दहा मीटरवरच्या निशाणातला दहा गुणांचा ठिपका असतो अवघा अर्धा मिलिमीटर! हात थरथरू लागले की मूल पाठीला बाक देतं, श्वास कोंडून धरतं, घाईने ट्रिगर ओढतं. मग तीच सवय जडते. म्हणून सुरुवातीला बंदूक टेकवायला आधार देतात.

आधार घरीच करू, असं मी ठरवलं. दोन काठ्या कात्रीसारख्या बांधल्या, उंची पुढच्या दोन वर्षांचा हिशेब करून ठेवली. पहिल्याच दिवशी मुलगी खुर्चीच्या कडेला सरकून, मान ताणून नेम धरू लागली. कोपर हललं, काठ्या पुढे झुकल्या आणि बंदूक कलंडली. अल्हमदुलिल्लाह, छर्रा भरलेला नव्हता. पण मला दरदरून घाम फुटला.

चूक दुहेरी होती. दोन काठ्या डावी-उजवीकडचं डोलणं थांबवतात, पुढे-मागे जाणं नाही. तीन पाय मात्र उंचसखल जमिनीवरही पक्के टेकतात. चुलीला तीन दगड मांडतात ते काही उगाच नाही! आणि दुसरी चूक मापाची.

दुसऱ्यांदा आधी माप घेतलं. मुलीला खुर्चीवर ताठ बसवलं, पावलं जमिनीवर टेकलेली. जमिनीपासून खांद्यापर्यंतची उंची भरली 75 सेंटिमीटर. पाय फाकवल्यावर उंची कमी होते आणि गाठीच्या वर टोकं ठेवावी लागतात, म्हणून एक मीटरच्या तीन सरळ बांबूच्या काठ्या घेतल्या. टोकांपासून 15 सेंटिमीटर खाली सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने त्या घट्ट बांधल्या. पाय आपोआप फाकू नयेत म्हणून खाली तिन्ही काठ्यांना दोरी जोडली. म्हाताऱ्यांच्या काठीला असतं तसं रबर तळाला बसवलं. वरच्या खोबणीत जुन्या गोधडीची घडी ठेवली. थोडी उंची कमी-जास्त करायची तर पाय जवळ किंवा लांब करायचे आणि दोरी त्या मापाला बांधायची.

वापरण्यापूर्वी ती प्रशिक्षकांना दाखवली. त्यांनी वरून दाबून, बाजूंनी ढकलून पाहिली आणि तीन गोष्टी बजावल्या. नळी टेकवायची नाही, तिच्याखालचा लाकडी भाग टेकवायचा. नळीवर दाब आला की छर्रा भलतीकडे जातो. बंदूक आधाराला कधीही बांधायची नाही. आणि मूल बंदुकीपर्यंत वाकता कामा नये, बंदूक मुलाच्या गालापर्यंत आली पाहिजे.

तिकाठी रेंजवरच राहते. मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय बंदुकीला हात नाही, आणि नळी कायम निशाणाकडे. थट्टेतही कुणावर हत्यार रोखू नये, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण मुलीला पहिल्या छर्ऱ्याआधी सांगितली.

दहा मीटरच्या स्पर्धेत उभं राहून, कसल्याही आधाराविना नेम धरावा लागतो. म्हणजे ही तिकाठी एक दिवस सुटायचीच आहे, पांगुळगाड्यासारखी. तोवर तिच्यामुळे मुलीला वजनाची चिंता नाही. नजर, श्वास आणि बोट यांचाच सराव होतो.

सहा महिन्यांत ती उंच झाली. मी नव्या काठ्या कापल्या. खर्च म्हणाल तर एक बांबू. कपडे अजूनही वाढत्या अंगाचेच शिवते. पण ज्यावर लेकराचा आणि आसपासच्या माणसांचा जीव टेकलेला आहे, त्याचं माप आजचंच घ्यायचं, हे मी त्या कलंडलेल्या बंदुकीकडून शिकले.