चाहत्यांचे नाव आणि व्यापारचिन्हाचा हक्क : ‘पलटण’ या शब्दाच्या निमित्ताने

प्रस्तावना

इंडियन प्रीमियर लीग २००८ मध्ये सुरू झाल्यानंतर मुंबई इंडियन्स संघाचा चाहतावर्ग ‘पलटण’ या नावाने ओळखला जाऊ लागला. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीगचा आरंभ झाला आणि पुण्याच्या संघाने ‘पुणेरी पलटण’ हेच नाव धारण केले. क्रीडासंघांची नावे, घोषणा व बोधचिन्हे आज कपडे, टोप्या व पेले यांवर छापून विकली जातात. त्यामुळे चाहत्यांनी प्रेमाने मिरविलेले नाव कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न क्रीडारसिकांत वारंवार चर्चिला जातो. त्या प्रश्नाची कायदेशीर बाजू स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शब्दाचे स्वरूप

‘पलटण’ हा शब्द मराठीत कवायती फौजांच्या काळापासून रुळलेला आहे. महादजी शिंदे यांच्या फौजेतील पलटणी इतिहासप्रसिद्ध आहेत. पुढे हा शब्द घराघरांत पोहोचला आणि ‘पोरांची पलटण’ असा सहज प्रयोग होऊ लागला. म्हणजेच हा शब्द कोणत्याही संघाने घडविलेला नाही. तो भाषेच्या सामाईक भांडारातून उचललेला आहे.

कायद्यातील तरतुदी

व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ हा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. एका व्यक्तीचा माल अथवा सेवा दुसऱ्याच्या मालापासून वेगळी ओळखू यावी, हे व्यापारचिन्हाचे मुख्य कार्य होय. म्हणून नाव प्रथम कोणी उच्चारले यापेक्षा, ते पाहून ग्राहक तो माल कोणाचा समजतो, या प्रश्नाला कायद्यात अधिक महत्त्व आहे.

कलम ९ नुसार वेगळेपण नसलेली किंवा प्रचलित भाषेत रूढ झालेली चिन्हे सामान्यतः नोंदणीस अपात्र ठरतात. मात्र दीर्घ वापराने वेगळेपण प्राप्त झाल्यास नोंदणी मिळू शकते. कलम १७ नुसार संपूर्ण चिन्हाची नोंदणी झाली, तरी त्यातील सर्वसामान्य शब्दावर स्वतंत्र मक्तेदारी निर्माण होत नाही. ‘पुणेरी पलटण’ हे पूर्ण नाव व बोधचिन्ह यांना संरक्षण मिळणे आणि केवळ ‘पलटण’ शब्दावर हक्क सांगणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. कलम २९ मधील उल्लंघन हे व्यापाराच्या ओघात होणाऱ्या वापराशी निगडित असल्याने मैदानावर घोषणा देणारा प्रेक्षक त्याच्या कक्षेत येत नाही.

न्यायालयीन व अन्य उदाहरणे

२००३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर आयसीसी डेव्हलपमेंट विरुद्ध आर्वी एंटरप्रायझेस हे प्रकरण आले. विश्वचषकाची तिकिटे बक्षीस म्हणून देऊ करणाऱ्या जाहिरातीस आयसीसीच्या कंपनीने आक्षेप घेतला होता. ‘वर्ल्ड कप’ या सामान्य शब्दांवर अनन्य हक्क सांगता येणार नाही, असे न्यायालयाने मानले.

इंग्लंडमधील आर्सेनल विरुद्ध रीड या प्रकरणाचा निकाल मात्र संघाच्या बाजूने लागला. मैदानाबाहेर अनधिकृत माल विकणाऱ्या रीड यांचे म्हणणे असे की, ‘आर्सेनल’, ‘गनर्स’ ही नावे केवळ निष्ठेची खूण आहेत. युरोपीय न्यायालयाने २००२ मध्ये व इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २००३ मध्ये हा बचाव स्वीकारला नाही. ‘आर्सेनल गनर्स’ हे नोंदणीकृत चिन्ह होते, ही बाब येथे महत्त्वाची आहे.

अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या चाहत्यांच्या ‘हू डॅट’ या आरोळीवरून २०१० मध्ये नॅशनल फुटबॉल लीगने स्थानिक विक्रेत्यांना नोटिसा धाडल्या. लोकक्षोभ उसळल्यावर लीगने आपला दावा संघाच्या अन्य चिन्हांसह होणाऱ्या वापरापुरता मर्यादित केला.

ग्रामीण व्यावसायिकाची स्थिती

समजा, मंगरूळपीर येथील एखाद्या छपाई व्यावसायिकाने गावातील संघासाठी ‘आमची पलटण’ असे सदरे छापले. त्यावर कोणत्याही संघाचे बोधचिन्ह, विशिष्ट अक्षरलेखन वा रंगसंगती नसेल, तर त्याची बाजू भक्कम आहे. तथापि कलम १३४ नुसार नोंदणीकृत चिन्हाच्या मालकास आपल्या व्यवसायाच्या ठिकाणीही दावा दाखल करता येतो. मुंबईत दावा लढविण्याचा खर्च सदऱ्यांच्या नफ्याहून कितीतरी अधिक होईल. अशा वेळी हक्क असूनही केवळ नोटिशीच्या भीतीने माघार घेतली जाते. कायद्याने यावर काही उपाय दिले आहेत. निराधार धमकीविरुद्ध कलम १४२ खाली न्यायालयात दाद मागता येते. चिन्हाचा अर्ज व्यापारचिन्ह पत्रिकेत प्रसिद्ध झाल्यापासून चार महिन्यांत कोणाही व्यक्तीस कलम २१ नुसार विरोध नोंदविता येतो. तसेच चाहत्यांची संघटना असल्यास तिला आपल्या नावासाठी सामूहिक चिन्हाचा मार्ग कलम ६१ ते ६८ मध्ये उपलब्ध आहे.

निष्कर्ष

संघाने खर्च व परिश्रम करून उभे केलेले बोधचिन्ह संरक्षणास पात्र आहे. त्याची नक्कल करणारा ग्राहकाचीही फसवणूक करतो. परंतु लोकभाषेतील शब्द संघाने वापरला म्हणून तो लोकांचा राहत नाही, असे कायदा म्हणत नाही. या दोहोंतील सीमारेषा वाणिज्य, विधी व क्रीडा या विषयांच्या अध्यापकांनी विद्यार्थ्यांना समजावून दिल्यास, छोटा व्यावसायिक नकलेपासून दूर राहील आणि अनाठायी नोटिशीपुढे झुकणारही नाही.