सड्यावरचा वारा आणि आपला सातबारा



लागणीच्या नोंदी घेत आम्ही गटागटाने फिरत होतो. एका वस्तीवर चहा झाला आणि आबांनी ट्रंकेतून एक कागद काढून पुढ्यात ठेवला. "साहेब, उसाचं ऱ्हाऊ द्या. हे वाचून सांगा."

आबांची नदीकाठाला तीन एकर बागायत, आणि वर सड्यावर तिघा भावांत सामाईक माळ. गवत आणि करवंदीच्या जाळ्या, दुसरं काही नाही. त्या माळासाठी पवनचक्कीवाल्यांचा मध्यस्थ येऊन गेला होता. आठ दिवसांत सही पाहिजे, नाहीतर दुसरा माळ बघतो, म्हणाला. आबांचा प्रश्न साधा होता, "वारं काय आमच्या मळ्यात न्हाई? उभा ऊस लोळवतंय की! मग ह्यांना सडाच का पायजे?"

प्रश्न अनेकांच्या मनात असेल म्हणून उत्तर इथेच देतो. ऊस लोळवणारं वारं वळवाचं, घटकाभराचं. पवनचक्कीला महिनोन्महिने एका चालीने वाहणारा वारा लागतो. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती दुप्पट नव्हे, आठपट होते. सेकंदाला ५ मीटरऐवजी ६ मीटर वारा मिळाला तरी शक्ती जवळजवळ पावणेदोनपट! एवढ्याशा फरकावर जागा ठरते. खाली खोऱ्यात झाडं, घरं, खुद्द आपला ऊस वाऱ्याला अडवतो. उलट पावसाळी वारा कोकणातून येऊन सह्याद्रीच्या भिंतीला धडकतो, चढताना दाटतो आणि माथ्यावर वेग घेतो. साताऱ्याजवळची चाळकेवाडी, पाटण तालुक्यातलं सुमारे ११५० मीटर उंचीवरचं वनकुसवडे, हे सडे चक्क्यांनी भरले ते यामुळे. सुरुवात मात्र समुद्रकाठी झाली होती. १९८६ साली देवगडला ५५ किलोवॅटची यंत्रं बसली. आज एकेक चक्की दोन-तीन मेगावॅटची, म्हणजे त्या जुन्या चाळीस-पन्नास चक्क्यांइतकी असते.

आता मुद्द्याची गोष्ट. कोट्यवधी रुपये कोणी अंदाजावर घालत नाही. आधी उंच मनोरा उभारून निदान वर्षभर वारा मोजतात. आबांच्या माळाला लागून असा मनोरा दोन पावसाळे उभा होता. गुराख्यांनी तो मोबाईलचा समजला! ज्या जागेचा वारा मोजून झाला, ती जागा आठ दिवसांत कोणी सोडून जात नसतो. घाई आबांना नव्हती, ती समोरच्याला होती.

आणि "दुसरा माळ" तरी कुठून आणणार? पात्याचा घेर शंभर मीटर असेल तर दोन चक्क्यांत त्याच्या पाच ते सातपट अंतर ठेवावं लागतं. नाहीतर पुढचीने वारा खाल्ला की मागचीला उरलंसुरलं; पाटाच्या टोकाच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. त्यामुळे एका सड्यावर मोजक्याच जागा निघतात. पायाला जमीन थोडी लागते, रस्त्याला जास्त. पन्नास मीटरहून लांब पातं घाटातून वळवायचं आहे. दोन ट्रॉल्यांचा आपला ट्रॅक्टर वळणावर काय करतो ते सर्वांना ठाऊक आहे.

वीज म्हणाल, तर सड्यावरची वीज मुख्यतः जून ते सप्टेंबर, आणि कारखान्यांची बगॅसवरची सहवीज गाळप हंगामात. एक कामाला लागतो तेव्हा दुसरा विसाव्याला. आपल्या पंपांची ओढ उन्हाळ्यात, तेव्हा मात्र दोघांचाही जोर नसतो!

आणखी एक. चाळकेवाडीच्या पठारावरचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. चक्क्यांजवळ शिकारी पक्षी कमी झाले आणि सरडे कितीतरी वाढले. त्या सरड्याचं शास्त्रीय नाव 'सारडा सुपर्बा', त्यातला पहिला शब्द आपल्या मराठीतलाच. आबा हसले. पण उंदरांनी पोखरलेला ऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी शिकारी पक्ष्यांची गोष्ट हसण्यावारी नेऊ नये.

कागद आम्ही दोनदा वाचला. विक्री की भाडेपट्टा, हेच पहिल्या पानावर स्पष्ट नव्हतं. रस्ता कोणत्या गटातून जाणार, गुरांची वाट आणि झऱ्याचं पाणी राहणार का, मुदत संपल्यावर लोखंड आणि काँक्रीट कोण उचलणार, याबद्दल अक्षर नाही. सातबाऱ्यावर नावं तिघांची, सहीची जागा एकट्या आबांना. मधला भाऊ वाशीला माथाडीत, त्याला पत्ताच नाही! आम्ही एवढंच सांगितलं की आधी वकिलाला दाखवा, तिघे एकत्र बसा, तोवर पेन खिशात.

धाकटा भाऊ आमच्यावर रुसला आहे. त्याला पोरीचं लग्न उरकायचं आहे, आणि त्याचंही चूक नाही. मधला दिवाळीला येतो म्हणाला. मध्यस्थाचा मधल्या काळात दोनदा फोन आला; दुसऱ्या खेपेला आठ दिवसांची मुदत त्याने आपणहून दोन महिने केली.