पहिल्या महिन्याचे कोष्टक

ऑक्टोबरची अखेर जवळ आली, की कॅनडा आणि अमेरिकेतील असंख्य घरांतून एका गुणतालिकेची मोठ्या आस्थेने छाननी सुरू होते. ही तालिका बर्फावर खेळणाऱ्या कोणत्याही संघाची नसते. दहा-बारा मित्र वा सहकारी हंगामापूर्वी एकत्र जमतात, नॅशनल हॉकी लीगमधील खेळाडू आळीपाळीने आपापल्या कागदी संघात निवडून घेतात आणि त्या खेळाडूंनी प्रत्यक्ष सामन्यांत केलेले गोल, गोलसाहाय्य व गोलरक्षकांनी अडविलेले फटके यांच्या हिशेबावरून आपसांतील क्रम लावतात. फँटसी हॉकी ती हीच. घरबसल्या संघाचा धनी होण्याचे हे समाधान वरवर बालिश वाटेल. तथापि त्यातून उभा राहणारा प्रश्न बालिश नाही. थोड्या पुराव्यावर किती विश्वास ठेवावा, हा तो प्रश्न होय.

हिशेब साधा आहे. सामन्यागणिक तीन फटके मारणारा आघाडीचा खेळाडू पहिल्या दहा सामन्यांत तीस फटके मारतो. दहातील एक फटका सफल होतो असे धरले, तर त्याचे गोल तीन व्हावयास हवेत. त्यातील दोन फटके कुणाच्या तरी दांड्याला लागून आत गेले, की तीनाचे पाच होतात. दोन खांबावर आदळले, की एकच उरतो. कौशल्यात तिळमात्र फरक पडलेला नसतो. पण तालिकेत एक जण पहिला ठरतो आणि दुसरा तळाशी जातो. मायकेल मोबुसिन यांनी 2012 मधील आपल्या ग्रंथात व्यावसायिक खेळांची कौशल्य आणि दैव यांच्या दरम्यान मांडणी केली, तेव्हा हॉकी दैवाच्या बाजूस सर्वांत जवळ आली आणि बास्केटबॉल कौशल्याच्या बाजूस, यात नवल नाही.

2018-19 चा हंगाम या दृष्टीने मुळातून पाहण्याजोगा आहे. विनिपेगच्या पॅट्रिक लाइने याने ऑक्टोबरमध्ये अवघे तीन गोल केले. त्याला संघातून काढून टाकणाऱ्याने नोव्हेंबरात कपाळावर हात मारला असेल. कारण त्या एका महिन्यात लाइनेने अठरा गोल केले. 24 नोव्हेंबरला सेंट लुईसविरुद्ध तर पाच फटके आणि पाचही गोल! मग त्याच्यासाठी दोन भरवशाचे खेळाडू देऊ करणारे पुढे आले असल्यास त्यांना दोष कसा द्यावा? उरलेल्या चार महिन्यांहून अधिक काळात त्याच्या हातून केवळ नऊ गोल झाले, हंगामाची बेरीज तीस. ऑक्टोबरातील लाइने खरा नव्हता आणि नोव्हेंबरातीलही नव्हता.

संघांचीही तीच कथा. आदल्या वर्षी तळाशी राहिलेल्या बफेलोने त्या नोव्हेंबरात सलग दहा सामने जिंकून साऱ्या लीगमध्ये अग्रस्थान मिळविले, आणि हंगामाअखेर तो बाद फेरीतही पोहोचला नाही. उलट सेंट लुईसचा संघ 3 जानेवारी 2019 रोजी एकतीस संघांत शेवटचा होता. त्यानंतर चार दिवसांनी जॉर्डन बिनिंग्टन हा तोवर दुय्यम गणला गेलेला गोलरक्षक प्रथमच सुरुवातीपासून उभा राहिला. जूनमध्ये स्टॅनले चषक सेंट लुईसच्या हाती होता.

म्हणून आरंभीची तालिका निरर्थक ठरते काय? तसेही नाही. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाला बाद फेरीच्या जागेवर असलेल्या संघांपैकी सुमारे तीन चतुर्थांश संघ ती जागा राखतात, असा अनुभव आहे. पण चाणाक्ष माणूस गोलांपेक्षा त्यामागील कारणे पाहतो. खेळाडूला बर्फावर किती मिनिटे मिळतात, प्रतिस्पर्ध्याचा गडी शिक्षेवर असताना त्याला उतरवतात की नाही, तो फटके किती मारतो, या गोष्टी गोलांइतक्या लहरी नसतात.

करमणुकीत पैसा शिरतो तेव्हा हा भेद कायद्याच्या दारात येतो. अमेरिकेने 2006 मध्ये इंटरनेटवरील जुगाराला पायबंद घालताना फँटसी स्पर्धांना सवलत दिली, ती त्या ज्ञान आणि कौशल्य यांवर चालतात म्हणून. तेव्हा प्रचलित असलेली स्पर्धा महिनोन्‌महिने चालणारी होती. एका रात्रीत निकाल लावणाऱ्या दैनिक स्पर्धांचा सुळसुळाट मागाहून झाला, आणि दीर्घ हंगामाने कमावलेला कौशल्याचा लौकिक त्यांनी आयताच पदरात पाडून घेतला. भारतातही क्रिकेटच्या अशा स्पर्धांबाबत पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने 2017 मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये कौशल्याचाच पक्ष उचलून धरला. निवडीला कौशल्य लागते हे मान्यच. परंतु एका सायंकाळी ते दिसून येते, हे हॉकीच्या आकड्यांवरून तरी पटत नाही. 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने ही चर्चाच बाजूला सारली. कौशल्य असो वा दैव, पैसे लावून खेळला जाणारा ऑनलाइन खेळ त्याने निषिद्ध ठरविला. पैशाविना चालणाऱ्या मित्रमंडळींच्या तालिकेला त्याची झळ पोहोचत नाही. तेथे ऑक्टोबरात तळाशी असलेल्याला एप्रिलपर्यंत वाट पाहण्याची मुभा आहे.