दारातला शेपू

रोजची पालेभाजी परवडत नाही, असे आम्हाला वस्तीतल्या बहुतेक घरांतून ऐकायला मिळते. शेत नाही, अंगण नाही, नळाला पाणी रोज नाही. तरीही दाराशी एक भाजी सहज येते, ती म्हणजे शेपू. बडीशेप आणि कोथिंबिरीच्याच कुळातला हा शेपू फुटक्या बादलीतही वाढतो.

बादली किंवा गोणी वीतभर खोल हवी. बुडाला चार-पाच भोके पाडा. रंगाचा किंवा फवारणीच्या औषधाचा डबा मात्र घेऊ नका. धाराशिवकडची काळी माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे मुळे कुजतात. म्हणून दोन भाग मातीत एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू मिसळा.

बी वेगळे आणायला नको. किराणा दुकानातल्या बाळंतशेपा म्हणजेच शेपूचे बी. ते रात्रभर भिजवून बोटाच्या अर्ध्या पेराइतके खोल पेरा. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. रोप उपटून दुसरीकडे लावू नका, त्याचे सोटमूळ दुखावते. दाट उगवले तर मधली रोपे काढून भाजीत टाका. 40 ते 45 दिवसांत भाजी तयार होते. दिवाळीनंतरची थंडी याला मानवते. उन्हाळ्यात लवकर फुलोरा येतो. दर पंधरा दिवसांनी एक डबा पेरला, तर भाजी खंडत नाही.

तांदूळ-डाळ धुतलेले पाणी झाडाला चालते. साबणाचे किंवा गटारीचे पाणी नको.

शेपूत लोह आहे, कॅल्शियम आहे. मूगडाळ घालून भाजी करा, भाकरीसोबत खा, वर लिंबू पिळा. लिंबामुळे लोह अंगी लागते. जेवणानंतर तासभर चहा टाळा.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. गरोदर बाईचे रक्त कमी असेल तर नुसत्या भाजीने ते भरून निघत नाही. उपकेंद्रात मोफत मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या रोज घ्यायलाच हव्यात. दुसरे, बाळंतिणीने शेपा जरूर खाव्यात, पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला शेपांचे पाणी, गुटी, साधे पाणीसुद्धा पाजू नये. त्यातून जुलाब लागतात आणि बाळ दूध कमी पिते. आईचे दूध त्याला पुरते.

आयाबायांनो, या आठवड्यात एक डबा पेरून बघा. उगवला की शेजारणीलाही मूठभर बी द्या.