फोनवरचा मजकूर सर्व्हरवर: एकच व्हिम, दोन खिडक्या

आज लॅपटॉप नको, फोनच पुरे.

समजा, तुम्ही श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीचे. तिथे शनिवारी जनावरांचा बाजार भरतो. भावांची यादी तुमच्या फोनवरच्या फाइलीत आहे आणि ती दूरच्या सर्व्हरवरच्या फाइलीत टाकायचीय. बरेच जण स्क्रीनवर बोट दाबून मजकूर निवडतात. पण एडिटरमध्ये असं केलं की पडद्यावर दिसतं तेवढंच हाती लागतं. ऐंशी ओळींतल्या वीसच गेल्या, तर अर्धवट यादीवर विसंबून गाडीभाडं खर्चणारा शेतकरी फसतो ना!

मग सर्व्हरवर दुसरा व्हिम उघडला तर? उपयोग नाही. व्हिम कॉपी केलेला मजकूर स्वतःच्या रजिस्टरमध्ये ठेवतो. फोनवरच्या व्हिमचं रजिस्टर सर्व्हरवरच्या व्हिमला दिसत नाही. म्हणून व्हिम एकच ठेवायचा, तोही फोनवर.

टर्मक्स ॲपमध्ये व्हिम आणि ओपनएसएसएच टाका. यादीची फाइल व्हिममध्ये उघडा. आता कोलन दाबून लिहा: स्प्लिट, मग जागा सोडून एससीपी, कोलन, दोन स्लॅश, युजरचं नाव, ॲट, सर्व्हरचा पत्ता, एक स्लॅश आणि फाइलचं नाव. पत्त्यानंतर एक स्लॅश म्हणजे तुमच्या होम फोल्डरपासूनचा रस्ता. दोन स्लॅश म्हणजे थेट मुळापासूनचा. पासवर्ड विचारला तर द्या.

पडद्यावर दोन खिडक्या दिसतील. कंट्रोल-डब्ल्यू आणि मग डब्ल्यू दाबलं की एकीतून दुसरीत जाता येतं. यादीच्या खिडकीत जी जी, वाय, मग कॅपिटल जी दाबा: पडद्याबाहेरच्या ओळींसकट अख्खी फाइल कॉपी! सर्व्हरच्या खिडकीत जा, हव्या त्या ओळीवर पी दाबा. पेस्ट झालं. चुकलं तर यू.

पण थांबा, सर्व्हरवर अजून काहीच बदललेलं नाही! व्हिमने त्या फाइलची तात्पुरती प्रत फोनवर आणलीय. त्याच खिडकीत कोलन डब्ल्यू केलं की ती परत सर्व्हरवर जाते. मध्येच रेंज गेली तर एरर येईल. तेव्हा व्हिम बंद करू नका, रेंज आल्यावर पुन्हा सेव्ह करा.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. दरम्यान दुसऱ्या कुणी तीच फाइल बदलली असेल, तर तुमची प्रत तिच्यावर बसेल आणि त्याचं काम पुसलं जाईल. म्हणून फाइल उघडा, पेस्ट करा, लगेच सेव्ह करा. मग सर्व्हरवरची यादी उघडून शेवटची ओळ आलीय का, तेवढं बघाच!